सब्बल धरणारी

ते पळसाखालचं पाणी पाहून राह्यले ना तुमी, म्हशी डुंबून राह्यल्या तिथं? ते तळं नव्हे. सारे तळंच म्हणतात. परवा एक मास्तर आला, तोही म्हणे, "काय छान तळं आहे हो आजी!" मी म्हटलं, बापा, देवानं खोदलं का ते? ती खाण होये. आमच्या हातानं उघडली अन् पावसानं भरली. बाकी गावात कुठंही तळं म्हणा, माह्या समोर म्हणायचं नाही. मले राग येते.

आमचं खडकमाळ डोंगरावरलं. जऊळक्याहून वर याचं म्हटलं तर बैलगाडीले अर्धा दिवस लागे, अन् वर येऊन पाहाल काय, तर दगड. वावर टीचभर, त्यात ज्वारी गुडघ्याएवढी. पण दगडाचं नाव होतं बरं. माह्या सासऱ्याच्या काळात इथून जाती जात. अनसिंगच्या बाजारात बाया जात्याच्या पाळीवर थाप मारून इचारत, "खडकमाळचं हाये का?" हो म्हटलं का मंगच गाडीत चढवत. तेव्हा नुसती छन्नी अन् हातोडी होती. मंग खाली सडक आली, पूल आले, कंत्राटदार आला अन् त्याच्यामागं दारूचे सुरुंग आले. जाती घडवणारे म्हातारे मेले, त्यायची पोरं गिट्टी फोडाले लागली. पिठाचा दगड सडकेले गेला. त्या दारूले तवाच आग लागाले पाह्यजे होती, म्हणजे उडायची ती उडून जाती.

सुरुंग म्हटलं का लोकायले धडाका आठवते. धडाका एका घडीचा. त्याच्या आधी खडकात दोन हात खोल भोक पाडा लागे, अन् ते पाडाले जोडी लागे. एकीनं खाली बसून सब्बल उभी धरायची, दुसऱ्यानं उभं राहून सब्बलच्या डोक्यावर घन मारायचा. घाव पडला का धरणारीनं सब्बल जराशी फिरवायची, मंग पुढचा घाव. नाही फिरवली तर टोक अडकून बसते, मंग बैल लावले तरी निघत नाही. मधी मधी भोकात पाणी टाकून भुगा काढायचा. दिवस मावळता मावळता सुरुंगवाला जमशेदभाई येऊन त्या भोकात दारू भरे, आमी सारे टेकाडामागं लपू, तो "बार! बार!" ओरडे अन् डोंगर हाले.

जोडी नवरा-बायकोचीच. धरे बायको, मारे नवरा. दुसऱ्याच्या घनाखाली कोणती बाई हात देईन? घन चुकला तर हात जाते. मंग ज्याले त्या हातची भाकर खायची हाये, त्यालेच जपून मारू द्या, असा तो हिशेब.

अन् बाईनं घनाले हात लावायचा नाही. दसऱ्याले घन धुवत, हळद-कुंकू वाहत, तेव्हापासून त्याले बाईचा हात लागला, चुकून पाय लागला का घन इटाळला. पुन्हा धुवायचा, नारळ फोडायचा, अन् त्या जोडीचा तो दिवस बुडाला. एकदा माह्या लुगड्याचा पदर लागला होता तर केवढा तमाशा केला मेल्यायनं! जसा काही घन त्यायच्या मायच्या पोटातून आला होता. तसा तर त्यायच्या मायचाही हात त्याले चालत नव्हता म्हणा.

मी मनकर्णा. मानमोडीच्या साथीत माहा धनी गेला, तवापासून मी बिनजोडीची. टोपल्यानं गिट्टी वाहायची, इकडून तिकडं फिरायचं, म्हणून मले सारं दिसे. तुळसाबाईचं मीच सांगू शकते. दुसरं सांगणारं आता राह्यलंही नाही कोणी.

तुळसाबाई अनसिंगकडल्या कास्तकाराची लेक. रामधनसोबत लग्न होऊन वर आली तवा तिले दगड म्हणजे देवळाची पायरी तेवढी माहीत. पहिल्या दिवशी सब्बल धराले बसवली, तर घन वर गेला का हिनं डोळे मिटले. रामधननं घन खाली ठेवला. म्हणे, "डोळे मिटू नोको. डोळे मिटले का हात हालते. मी पाहून राह्यलो ना? तू सब्बलकडे पाह्य, मी तुह्या हाताकडे पाहतो." सारी खाण हसली. बायकोच्या हाताकडे पाहणारा घनवाला आमी पहिल्यांदा पाह्यला होता. पण त्यानं ते खरं केलं. पुढं कितीतरी वर्षं तिच्या बोटाले कधी खरचटलं नाही.

ती बुटकी होती, काळीसावळी, दंड असे का घट्ट पिळलेलं दोरखंड. तोंडानं फटकळ, अगदी माह्या बरोबरीची, म्हणून तर आमचं जमे. बांगड्यायचा तिले भारी सोस. काचेच्या बांगड्या घनाच्या दणक्यानं तडकत, म्हणून रोज सकाळी उजव्या हातातल्या काढून पळसाच्या फांदीले अडकवे. डाव्या हातात एक ठेवे, सवाष्णीचा हात मोकळा नको म्हणून. अन् सांजच्याले सगळ्यात आधी त्या हातात घाली. मंग पाणी पिये. मी म्हणू, "एवढी कोण पाहून राह्यलं व तुले?" तर म्हणे, "ज्यानं पाहायचं तो पाहते. तू कायले जळते?"

आता त्याच्या डोळ्यायचं सांगते.

एका उन्हाळ्यात दगडाची कपची उडून रामधनच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळ्यात फूल पडलं. एका डोळ्याचे घनवाले खाणीत अजून होते, त्याचं कोणाले काही वाटे ना. पण मंग वर्ष-दोन वर्षानं उजवाही धुरकट होत गेला, अन् हे त्यानं कोणाले सांगतलं नाही. बायकोलेही नाही. त्याले वाटे तिले माहीत नाही.

तिले कसं माहीत नसंन? धरणारीले मनगटात कळते सारं. घाव मधोमध पडला का सब्बल सरळ खाली जाते, कडेले पडला का हिसका बसते. तिले हिसके बसाले लागले. ती एका अक्षरानं बोलली नाही. फक्त एक नवीन काढलं. सब्बल फिरवून नीट उभी केली का "हा!" म्हणे. अन् सब्बल अशी धरे का तिचं डोकं जिथल्या तिथं, एक बोट इकडं नाही का तिकडं नाही. काम सुरू करताना रामधन घन अलगद सब्बलवर टेकवून माप घे, पाय रोवून उभा राहे, मंग जागचा हालत नसे. "हा!" आलं का घाव. "हा!" आलं का घाव. नेम ती धरे, जोर तो लावे.

बायायनं तिले लय चिडवलं. "तुळसे, नवऱ्याले बैलावानी हाकून राह्यली का वं?"

"हाकते! माह्या बैलाले वळण हाये. तुमचे वळू हिंडतात मोकाट, त्यायले पाह्या आधी."

हसून हसून साऱ्यायची पोटं दुखली. मीही हसली. मले काय माहीत!

मंग एक दिवस मी वाटेत टोपलं ठेवलं होतं, भर उजेडात, अन् रामधन सरळ चालत आला अन् त्यातच पाय घालून पडला. उठून धूळ झटकत म्हणे, "ऊन आलं ना वहिनी डोळ्यावर." ऊन त्याच्या पाठीमागं होतं. मी तुळसेकडे पाह्यलं तर ती खाली पाहून भाकरीचा तुकडा मोडून राह्यली होती, अन् तो तुकडा तिनं त्याच्या समोर नाही ठेवला, त्याच्या हातात दिला. तवा माह्या डोक्यात उजेड पडला.

झऱ्यावर पाणी भराले गेलो तवा मी तिले धरलं. "तुळसे, त्याले दिसत नाही."

"हळू बोंबल."

"मी बोंबलून नाही राह्यली. तू त्याच्या घनाखाली हात देऊन राह्यली, आंधळ्याच्या! डोक्यावर पडली का तू?"

तिनं घागर खाली ठेवली. "उकंडरावाले कळलं तर काय होईन, सांग."

उकंडराव म्हणजे आमचा मुकादम. वाईट माणूस नव्हता, पण कामापुरता माणूस. काय होईन ते मलेही माहीत होतं. आंधळ्या घनवाल्याले खाणीवर कोण ठेवते? झोपडी खाणीची, ज्वारी खाणीची. जोडी मोडली का त्याच दिवशी डोंगर उतरायचा.

"भावाच्या दारी जाऊ का आंधळा नवरा घेऊन?" तुळसा म्हणाली. "तिथं त्याले खाटेवर बसवून ठेवतीन, अन् भावजय येता जाता सुनावीन. घन हाये तवर तो माणूस हाये, मनकर्णाबाई. मी धरते तवर त्याचा घन चुकत नाही. तू गप राह्य."

"मंग उलटं कर ना!" मी म्हटलं. "सब्बल धराले डोळे कायले लागतात? हात लागतात. त्याले खाली बसव, घन तू मार. तुहे दंड त्याच्यापेक्षा कमी हायेत का?"

ती जराशी हसली. "मी म्हटलं त्याले. डोळ्यायचं नाही काढलं, नुसतं म्हटलं का बसून बसून माही कंबर आखडली, दोन दिवस मी मारते, तुमी धरा. तर म्हणे, मी काय बांगड्या भरून खाली बसू? अन् घन इटाळीन त्याचं काय?"

मले असा संताप आला का घागर त्याच्या टाळक्यात घालावी. घन इटाळीन म्हणे! अन् बायकोचा हात गेला तर चालते? पण तिनं माह्याकडून शब्द घेतला. मी गप राह्यली. नुसती जाता येता म्हणू, "रामधनभाऊ, जपून मार बापा." तर तो म्हणे, "मी कधी चुकलो वहिनी?" अन् खरंच, चुकला नाही तो. तीन पावसाळे गेले. त्याच्या भोकाइतकं सरळ भोक खाणीत दुसऱ्या कोणाचं पडत नव्हतं. जमशेदभाई दारू भरता भरता म्हणे, "रामधन का सुराख देखो, जैसे सुई से किया है." तुळसा ते ऐकून पळसाखाली जाये अन् बांगड्या हातात घाली.

तरी माह्या जिवाले घोर होता. आमाले साऱ्यायले खोकला. दगडाचा भुगा छातीत बसते, तो निघत नाही. तुळसेले तर धरणारी म्हणून जास्तच, तोंडच भोकावर. उन्हाळा आला का तिचा खोकला वाढे. मी गूळ देऊ, ओवा देऊ. ती घाव पडूपावतर खोकला दाबून ठेवे, डोळ्यातून पाणी काढे, पण आधी "हा!" म्हणे अन् घाव पडल्यावर खोकले. मी हे टोपलं डोक्यावर घेऊन पाहू अन् घाव पडूपावतर पुढं जात नसे.

जेठ सरत आला होता. पाऊस लागला का खाण बंद, म्हणून उकंडरावानं साऱ्यायच्या मागं लकडा लावला होता. मी त्यायच्यापासून पाच-सहा कदमावर होती. तुळसेनं सब्बल फिरवली. "हा!" म्हणाली. घन वर गेला. अन् तवाच तिले खोकला आला, असा उबळून का तिचा हात सब्बलच्या डोक्यावर गेला, जसं माणूस उभं राहाले काठी धरते तसं.

डोळ्याचा माणूस असता तर त्यानं घन बाजूले टाकला असता. दगडावर टाकला असता, आपल्या पायावर टाकला असता. त्यानं तो जिथं माप घेतलं होतं तिथंच मारला, अगदी मधोमध.

ती ओरडली नाही. हात छातीशी धरून बसून राह्यली अन् लुगडं लाल होत गेलं. अन् रामधन? तो उभा होता, पाय रोवून, घन पुन्हा खांद्यावर. म्हणे,

"तुळसे? थांबली काहून? हा म्हण ना."

माय वं! अजूनही ते माह्या कानात हाये. साऱ्या खाणीचे घन एकामागं एक थांबले. रक्त त्याच्या पायापावतर आलं होतं. अन् तो मान तिरपी करून म्हणून राह्यला होता, "हा म्हण ना. काय झालं? वहिनी, तुमी हायेत का तिथं? काय झालं?"

उकंडराव धावत आला. तिच्याकडे पाह्यलं, मंग रामधनच्या तोंडासमोर आपला पंजा हालवला. रामधनची पापणी लवली नाही. मुकादमानं कपाळाले हात लावला. तीन वर्षं झाकलेलं सारं तिथं उघडं पडलं.

जमशेदभाईनं आपला रुमाल फाडून हात बांधला अन् गाडी जुंपून तिले वाशीमच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होती. साऱ्या वाटेनं ती एकच बोलली, "त्याले सांगजा लागलं थोडं म्हणून." दवाखान्यात दोन बोटं कापली, अंगठ्याजवळची. राह्यलेली दोन मुडपून तळव्याले चिकटली ती चिकटलीच. अंगठा तेवढा हाले. वर आलो तवा तिनं जमशेदभाईले, मले अन् साऱ्या खाणीले आपल्या गळ्याची शपथ घातली.

"त्याले म्हणा, एका बोटाचं नख गेलं."

"तुळसे, किती झाकशीन वं?"

"सारे सांगून राह्यले, तो झोपेत ओरडते. घन टाका, घन टाका म्हणते. बोटं गेली म्हणून कळलं तर तो कड्यावरून उडी मारीन. तुले पाह्यजे का ते?"

जमशेदभाई डोळे पुसत गेला. उकंडरावानंही मेल्यानं थोडी माणुसकी दाखवली. म्हणे, "पावसाळाभर राहा झोपडीत. दसऱ्याले नवी जोडी येऊन राह्यली, तिले जागा लागीन." म्हणजे दसऱ्यापावतर.

तो पावसाळा कसा गेला तो आमालेच माहीत. तिचं दळण मी दळू, भाकरी मी थापू. रामधनले सांगू का तिचा हात जपून राह्यलो. ती हाताले फडकं गुंडाळून ठेवे. तो म्हणे, "दाखव तर." ती म्हणे, "हात नका लावू, ठणकते." डावा हात त्याच्या हातात देई. तो तोच हात कुरवाळे अन् म्हणे, "माह्यानं चुकलं तुळसे." डोळ्याचं मातर तवाही त्यायच्यात कोणी बोललं नाही. साऱ्या डोंगराले ठाऊक झालं, पण त्या झोपडीत नाव निघालं नाही. असे दोघं! दोघायच्या थोबाडात एक एक द्यावी असं मले वाटे, अन् मंग घरी येऊन मीच रडू.

भादव्यात रामधननं नवीनच काढलं. उंबऱ्यावर बसून दोन्ही पायाच्या मधी सब्बल उभी धरे अन् फिरवे. जराशी फिरवली का थांबे, पुन्हा फिरवे. पाऊस पडून राह्यला, तुळसा आत निजली, अन् हा बाहेर एकटाच सब्बल फिरवून राह्यला. जमशेदभाई छत्री घेऊन चालला होता, त्यानं इचारलं, "अरे रामधन, अकेला क्या घुमा रहा है?" हा म्हणे, "हात बसवून राह्यलो." आमाले वाटलं दुःखानं डोकं फिरलं ह्याचं. मी तुळसेले म्हटलं तर ती म्हणे, "फिरवू दे. हाताले काही पाह्यजे ना त्याच्या."

दसरा आला. रीत अशी, का त्या दिवशी साऱ्या जोड्या खाणीच्या तोंडाशी जमत, घन-सब्बल धुऊन पूजा होये, अन् मंग एकेक जोडी बसून पहिला घाव घाले. ज्यानं पहिला घाव घातला त्याची त्या वर्षाची जागा पक्की. खाणीतलं पाणी अजून उपसायचं होतं, पण वरचा खडक कोरडा होता. नवी जोडीही आली होती, पोरगं-पोरगी, हळदीचे हात. उकंडरावानं नारळ फोडला.

तवा रामधन आला. धुतलेलं धोतर, डोक्याले पागोटं. तुळसेच्या खांद्यावर हात. दुसऱ्या हातात स्वतःची सब्बल. घन त्यानं तुळसेले अन् मले न सांगता, पूजेचा म्हणून आदल्या दिवशीच जमशेदभाईकडून खाणीवर पोचवला होता. तुळसेच्या तोंडाकडे पाह्यलं तर तिले काही माहीत नव्हतं असं दिसलं. तिले वाटलं असंन पूजेले चालला.

उकंडराव म्हणे, "ये रामधन, परसाद घे."

"परसाद मंग. आमची जोडी बसवाले आलो."

कोणीतरी फिसकन हसलं. रामधननं पायानं चाचपून खडक पाह्यला, पावसाळ्याआधी जिथं त्यायचं काम होतं तीच जागा. अन् तो खाली बसला. धरणारीच्या जागी. सब्बल उभी केली, दोन्ही हातानं धरली.

"अरे बापा," एक घनवाला बोलला, "आता बांगड्या भर म्हणा!"

रामधननं आवाजाकडे मान वळवली. "भरतो. आनून दे. माह्या बायकोच्या पळसाले अडकवलेल्या असतीन, त्याच दे. तीन वर्षांआधी भरल्या असत्या तर बरं झालं असतं." सब्बल जराही नाही हालली. "उकंडराव, घन इटाळते तर इटाळू द्या. रोज धुईन मी. माह्या हाताले डोळे लागत नाहीत, अन् तिच्यात माह्यापेक्षा जोर हाये. पहिला घाव आमचा. तुळसे, उचल घन."

कोणी हसलं नाही आता. जी गोष्ट मी तीन वर्षं मनात कांडत होती ती तो साऱ्या खाणीसमोर, खाली बसून, बोलून राह्यला होता. अन् साऱ्यायचे डोळे तुळसेच्या उजव्या हाताकडे होते. ज्याले दिसत नव्हतं तो एकटाच वर तोंड करून वाट पाहत होता.

"उचल ना. लाजते कायले? पाय रोव, माप घे. मी हा म्हणतो."

अन् त्यानं म्हटलं, "हा!"

तुळसा घनाजवळ गेली. डाव्या हातानं दांडा धरला. उजवा हात लावला, अंगठा त्याच्यावर दाबला, तर हात घसरला. पुन्हा लावला. पुन्हा घसरला. घन जमिनीवरून चार बोटं उचलला अन् खाली पडला. रामधन त्या आवाजानं दचकला.

"हा! तुळसे, हा!"

ती त्याच्या समोर बसली. हातावरचं फडकं दातानं सोडलं. सब्बलवरचा त्याचा एक हात काढला अन् त्यात आपला उजवा हात ठेवला.

तो चाचपत राह्यला. अंगठा. मंग पुढं जिथं बोट पाह्यजे तिथं त्याची बोटं थांबली, इकडं तिकडं फिरली, पुन्हा तिथंच आली. मंग मुडपलेली दोन सापडली, ती त्यानं हळूच उघडून पाह्यली, उघडली नाहीत. तो लय वेळ ते करत राह्यला. आमी तिकडं पाहू शकत नव्हतो अन् दुसरीकडंही पाहू शकत नव्हतो.

"हे... तवाच?"

"तवाच."

"मले सांगतलं काहून नाही?"

तुळसा म्हणे, "तुमी मले सांगतलं होतं का?"

बस. त्यानं तिचा हात आपल्या डोळ्यायवर दाबून धरला अन् सब्बल त्याच्या दुसऱ्या हातातून सुटून आडवी पडली. जमशेदभाईनं त्याले बगलेत धरून उठवलं. उकंडराव खाकरला अन् नव्या जोडीकडे पाहून म्हणे, "चला, पहिला घाव घाला." तो नवा पोरगा हालला नाही. त्याची बायको सब्बलजवळ बसाले तयार होईना, नवऱ्याच्या मागं लपून रडून राह्यली होती.

त्याच दिवशी ते दोघं उतरले. जमशेदभाईच्या गाडीत बसवून दिलं, अनसिंगच्या वाटेनं. पळसावरच्या बांगड्या मी तिच्या ओटीत टाकल्या. उजव्या हातात त्या पुन्हा गेल्या नसतीन, तळवा असा फाकला होता का कासारही घालू शकला नसता. दोन सालानं ती छातीच्या रोगानं गेली असं ऐकलं. तो तिच्यामागं किती जगला, कोणाच्या दारी, मले माहीत नाही. मी इचारलं नाही, माही हिंमत झाली नाही.

गाडी गेल्यावर मी खाणीवर परत आली. सारे अजून तसेच उभे. रामधनचा घन खडकावर पडला होता, त्याच्यावरचं हळद-कुंकू ओलं होतं. त्याले कोणी हात लावेना. मी पदर खोचला, गेली, अन् दोन्ही हातानं तो उचलला. चांगला जड होता. नेऊन उकंडरावाच्या पायाशी आपटला.

घनाले बाईचा हात लागला, ते साऱ्यायनं पाह्यलं. पण त्या दिवशी घन कोणी धुतला नाही.